सीटच्या पोटातलं

आमच्या घरात खुर्ची नव्हती. भवानी पेठेतली दहा बाय बाराची खोली, तिच्यात अब्बा, अम्मी, मी आणि दोन धाकटे भाऊ. खुर्ची घ्यायची ऐपत नव्हती आणि घेतली असती तर ठेवायला जागा नव्हती. सीट मात्र कायम असे. कुणाच्या तरी मोटारीची, कातड्याची, तीन माणसं ऐसपैस बसतील एवढी. अब्बा जुन्या मोटारींच्या सीट भरायचे. दुकान म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दोन फळ्या आणि वर ताडपत्री. पाऊस आला की काम घरात यायचं, आणि काम घरात आलं की आम्ही भिंतीला लागायचो. पावसाळ्यात मालक लोक गाड्या बाहेर काढत नसत, त्यामुळे आलेलं काम महिना महिना पडून राही. मग अम्मी शेजारणींच्या ब्लाउजांना हुक लावून द्यायची आणि डाळीत पाणी वाढायचं.

मी दहावीचा अभ्यास एका गर्द हिरव्या विलायती मोटारीच्या मागच्या सीटवर बसून केला. गाडी कुणाची ते तेव्हा माहीत नव्हतं. अम्मी सीटवर जुनी चादर टाकायची आणि म्हणायची, "पाय वर घेऊ नकोस, लोकांची आहे." मी पाय खाली सोडून, पाठ ताठ ठेवून बसायची. भूमिती त्या सीटवर झाली, इतिहासही. आमच्या खानदानात दहावी पास झालेली मी पहिली, आणि पुढे पदवीधर झालेलीही पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, तशी मला सवयच आहे. पुढचं मात्र कुणी विचारूनही कधी सांगितलेलं नाही.

या ऑक्टोबरात आमच्या खराडीच्या सोसायटीत तळघरातलं पार्किंग बुडालं. समुद्रात कुठेतरी वादळ झालं, त्याचं शेपूट पुण्यावरून गेलं, आणि दोन तासांत तळघरात छातीएवढं पाणी. पाणी उपसल्यावर सगळ्यांनी गाड्या वर ढकलत आणल्या, दारं उघडी टाकून उन्हात उभ्या केल्या. मी नुसतीच बघायला उतरले. माझी गाडी नाही, मी रिक्षाने फिरते. गाड्या धुणाऱ्या माणसाने एकेका गाडीच्या सीटखालून निघालेल्या वस्तू त्या त्या गाडीच्या बॉनेटवर मांडून ठेवल्या होत्या. पेनाची टोपणं, टोलच्या पावत्यांचा लगदा, एका बाळाचा मोजा, केसांच्या पिना.

"मावशी, यातलं तुमचं काय आहे का?" त्याने विचारलं.

"नाही रे," म्हटलं, आणि लिफ्टकडे चालू लागले. लिफ्टमध्ये लक्षात आलं की आपला हात कानाकडे गेलाय.

*

माझे आजोबा पिंजारी. खांद्यावर धनुकली टाकून दारोदार फिरायचे, गाद्या उसवायचे, कापूस पिंजून परत भरायचे. गादीच्या पोटात काय काय सापडतं ते त्यांना ठाऊक. बायका गादीत चीजवस्तू लपवतात, लपवून विसरतात, किंवा विसरण्याआधीच मरतात. आजोबांचा नियम असा होता की पोटातलं आधी बाहेर काढायचं, सुपात घालून घरच्या बाईसमोर ठेवायचं, आणि तिने सूप उचलल्याशिवाय धनुकलीला हात लावायचा नाही. अब्बा गाद्यांवरून मोटारींच्या सीटवर आले, पण नियम तोच राहिला. सुपाच्या जागी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक ताटली आली. काठाला पोचे पडलेली, मधोमध काळी पडलेली. ती दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. एकदा मी तिच्यात शेंगा घेतल्या तर अब्बांनी आयुष्यात एकदाच माझ्यावर हात उगारला, आणि उगारून तसाच खाली घेतला.

जुन्या सीटचं पोट म्हणजे थरांचा ढीग. वर कातडं, त्याखाली कापूस, मग घोड्याचे केस, मग काथ्या, मग गोणपाट, आणि सगळ्यात खाली सुतळीने एकमेकींना बांधलेल्या स्प्रिंगा. घोड्याचे केस म्हटलं की आता लोक हसतात. पण ते पन्नास वर्षं दबत नाहीत. भिजले तर रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, वाळवायचे, आणि हाताने एकेक बट ओढून मोकळी करायची. ते काम माझं आणि अम्मीचं. त्याने बोटांना तबेल्याचा वास लागतो, साबणाने जात नाही. कॉलेजला जायला लागल्यावर मी रोज सकाळी बोटांना लिंबाची फोड चोळायची. अब्बा बघायचे. एके दिवशी ते येताना स्वतःच दोन लिंबं घेऊन आले आणि फळीवर ठेवली.

दहावी पास झाले तेव्हा अब्बांनी मला चांदीचे झुमके केले. बारीक निळा खडा बसवलेले. महिन्याभरात एकाची कडी तुटली, तर अब्बांनी सीटच्या कामातली तांब्याची बारीक तार घेऊन पकडीने नवी कडी वळवून दिली. सोनाराने केली असती त्यापेक्षा बळकट होती. दिसायला तेवढी नव्हती. मी केस त्या बाजूने थोडे पुढे घ्यायची.

*

कॉलेजात माझी मैत्रीण अंजली. एरंडवण्यात राहणारी, डबा कधी एकटीने न खाणारी, मनाने फार चांगली मुलगी. पहिल्या वर्षी तिने विचारलं, "तुझे बाबा काय करतात गं?"

"मोटारींचा व्यवसाय आहे," मी म्हणाले.

तिने 'शोरूम' असं काहीतरी समजून घेतलं आणि मी समजू दिलं. पुढे ती कुणाला माझी ओळख करून द्यायची तेव्हा, "ही नसीम पिंजारी, हिच्या वडिलांचा मोटारींचा व्यवसाय आहे," असं म्हणायची, आणि मी शेजारी उभी राहून हसायची. तीन वर्षं हसले.

अंजलीचे काका डॉक्टर होते, लग्न न केलेले. बंगल्यात ते, त्यांची बहीण म्हणजे अंजलीची आत्या, अंजलीचे आईवडील आणि एक जुनी मोटार. मोटार डॉक्टरांच्या वडिलांनी घेतलेली, या घरातल्या सगळ्या मुलांच्या आधीची, म्हणून तिला सगळे 'थोरली' म्हणत. शेवटच्या वर्षी श्रावणात डॉक्टरांनी आम्हा चार मुलींना थोरलीतून खडकवासल्याला नेलं. दार उघडलं, आत वाकले, आणि मला ती सीट दिसली. गर्द हिरवी. कोपऱ्यातल्या शिवणीवर तीन गाठी. अब्बांना लिहिता येत नसे, तर त्या तीन गाठी म्हणजे त्यांची सही.

मी बसले. कुठल्या स्प्रिंगेवर बसलं की किंचित डावीकडे कलायला होतं तेसुद्धा माझ्या अंगाला आठवत होतं.

"कशी मऊ आहे ना?" अंजली म्हणाली. "काकांचा एक खास मिस्त्री आहे."

"हो, छानच आहे," मी म्हणाले. आणि पाय वर घेतले नाहीत.

त्या दिवशी माझा एक झुमका हरवला. तांब्याच्या कडीचा. अम्मीला म्हटलं, पीएमटीच्या गर्दीत पडला असेल.

*

आणि मग ऑक्टोबर. आमची सत्र परीक्षा तोंडावर आलेली, दिवाळीला दोन आठवडे. पाऊस संपला म्हणून लोकांनी छत्र्या माळ्यावर टाकल्या होत्या. तेव्हाही समुद्रात वादळच झालं होतं. सबंध दिवस वारं, रस्त्यावर गुलमोहर आडवे, आणि संध्याकाळी असा पाऊस की बंगल्यामागच्या ओढ्याने भिंत पाडली आणि डॉक्टरांच्या आणि आजूबाजूच्या गॅरेजांत शिरला. त्या भागात जुन्या मोटारी बाळगणारे सात जण होते. रविवारी सकाळी एकत्र जमून एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवणं हा त्यांचा कार्यक्रम. त्या आठवड्यात त्यांच्या सगळ्यांच्या गाड्या काचांपर्यंत पाण्यात होत्या.

नंतरचा आठवडा पुण्याचं खरं ऑक्टोबरचं ऊन पडलं. ते ऊन मला आजही सगळ्या ऋतूंत जवळचं वाटतं आणि त्याचीच मला लाजही वाटते. आकाश घासून काढलेल्या भांड्यासारखं, आणि जमिनीतून वाफ. डॉक्टरांच्या अंगणात सगळ्यांनी आपापल्या गाड्या ढकलत आणल्या, कारण अंगण मोठं आणि दिवसभर उन्हाचं. इंजिन चालू करायचं नाही, हा पहिला नियम. आधी तेल काढायचं. तेल निघालं ते दुधाच्या कॉफीच्या रंगाचं. हेडलाइटांच्या काचांत अर्ध्यापर्यंत गढूळ पाणी होतं, टपरीवरच्या चहाच्या ग्लासांसारखं. दारांच्या आतलं लाकूड फुगलेलं, त्यामुळे एकही दार लागत नव्हतं. पन्नाशी-साठीची माणसं पायजमे वर खोचून मगाने चिखल धूत होती. कुणी बॅटरी, कुणी गालिचा, कुणी स्टिअरिंग काढून कंपाउंडच्या भिंतीवर वाळत घातलेलं.

"तुमची पूर्ण बुडाली?" एक शेजारी फाटकातून विचारत होता.

"नाही, पोहत होती," त्यांच्यातले वकील म्हणाले. "हाक मारली तेव्हा आली बाहेर."

हे सगळं मी पाहिलं, कारण अंजलीने बोलावलं होतं. थोरलीचं मूळ माहितीपुस्तक भिजलं होतं आणि डॉक्टरांचा जीव त्या पुस्तकात होता. पानं एकमेकांना चिकटली होती. एकेक पान सुटं करायचं, मध्ये टाल्कम पावडर भुरभुरायची, दोरीवर टाकायचं. अंजली म्हणाली, "ये ना, तुझा हात हलका आहे." माझा हात हलका का आहे ते तिला माहीत नव्हतं.

त्या दिवशी अब्बा वकिलांकडे जाणार असं घरात बोलणं झालं होतं. सातही गाड्यांच्या सीट त्यांच्याकडेच येणार होत्या. अब्बांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं काम. अम्मीने गच्चीवर काथ्या वाळवायला शेजारणीची परवानगी आधीच घेऊन ठेवली होती. 'यंदा दिवाळीत सगळ्या गल्लीला आपल्याकडून फराळ,' असं ती म्हणाली होती, आमच्याकडे दिवाळी नसली तरी. अब्बा नवा दाभण घेऊन आले होते आणि तो चार वेळा कागदातून काढून पाहिला होता.

वकिलांची सीट डॉक्टरांच्याच अंगणात आणलेली होती, हे मला कळायला हवं होतं. फाटक वाजलं. खांद्याला कापडी पिशवी, हातात ताटली. मी पोर्चच्या टोकाला, अंजलीच्या शेजारी, मांडीवर ओली पानं घेऊन बसले होते. अब्बांची नजर अंगणावरून फिरत आली आणि माझ्यावर थांबली.

मी मान खाली घातली.

एवढंच केलं. पण ते त्यांनी पाहिलं. परत वर बघितलं तेव्हा ते डॉक्टरांशी बोलत होते आणि त्यांची पाठ माझ्याकडे होती. पुढचा तासभर ती पाठ तशीच राहिली. उन्हं कशीही फिरली तरी ते सीटच्या अशा बाजूला बसत गेले की त्यांना पोर्च दिसू नये. आधी मला वाटलं, बरं झालं. हे लिहितानाही ते 'बरं झालं' बोटांना लागतंय.

त्यांनी आधी थोरलीची सीट घेतली. टाके उसवल्याचा कटकट आवाज पोर्चपर्यंत येत होता. ताटली शेजारी. तिच्यात एकेक वस्तू पडत होती, टण्, टण्. एक बटण. चिंचोके. डॉक्टरांच्या वडिलांच्या चष्म्याची काडी निघाली, तेव्हा डॉक्टर ती हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. मग आवाज थांबला.

"काय हो मिस्त्री, आत्ता खिशात काय टाकलंत?"

आत्यांचा आवाज. त्या चहाचा ट्रे घेऊन अब्बांच्या मागेच येत होत्या.

अब्बा म्हणाले, "काही नाही, ताई."

"चमकलं की. मी बघितलं."

सगळी अंगणभर माणसं. वकिलांच्या हातातला मग तसाच राहिला. डॉक्टर जवळ आले. ते ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नसत. "मिस्त्री, ताटली तुमची, नियम तुमचा," एवढं म्हणाले आणि हात पुढे केला.

अब्बांनी खिशातून झुमका काढला. गाळाने काळा झालेला, पण तांब्याची कडी कुठेही ओळखू आली असती.

"माझ्या मुलीचं आहे," ते म्हणाले.

"तुमच्या मुलीचं?" आत्या म्हणाल्या. "तुमच्या मुलीचं आमच्या गाडीत कसं येईल, मिस्त्री? आमच्याकडे दहा माणसं येतात-जातात, त्यांच्यातल्या कुणाचं असेल ना."

यावर एकच उत्तर होतं आणि ते वीस पावलांवर टाल्कम पावडर घेऊन बसलं होतं. त्यांनी बोट दाखवायचीही गरज नव्हती, नुसतं वळून बघितलं असतं तरी पुरलं असतं. मी उठायचं होतं. "अब्बा" एवढं म्हणायचं होतं. दोन अक्षरं, त्याला पदवी लागत नाही. माझ्या मांडीवर गिअरबॉक्सच्या आकृतीचं पान होतं आणि मी ते फुंकर मारून वाळवत होते.

अब्बा वळले नाहीत. त्यांनी झुमका ताटलीत ठेवला. टण्.

"चुकलं," ते म्हणाले. "आधी ताटलीत ठेवायला हवं होतं."

"बिचारा," अंजली माझ्या कानाशी हळू आवाजात म्हणाली. मग, "तुझे होते ना गं तसले?"

"माझे दोन्ही घरी आहेत," मी म्हणाले.

*

डॉक्टरांनी अपमान केला नाही. उसवलेली सीट तशीच ठेवायला सांगितली, त्या दिवसाचे पैसे दिले, नमस्कार केला. बाकीच्यांनी आपापल्या सीट दुसरीकडे नेल्या. एक गाडी गेली की सगळ्या जातात, ती माणसं एकमेकांचं ऐकून चालणारी. कुणी अब्बांना चोर म्हटलं नाही. 'ताटलीवाला मिस्त्री' म्हणायचे, तेवढं म्हणणं बंद झालं.

अब्बा संध्याकाळी घरी आले, हात धुतले, जेवायला बसले. अम्मीने विचारलं, "सीट कधी यायच्या?"

"नाही यायच्या," ते म्हणाले. "त्यांना घाई आहे." आणि मग माझ्याकडे बघून, "उद्या पेपर आहे ना? बस अभ्यासाला."

कुठे बसणार? त्या महिन्यात आमच्या खोलीत एकही सीट नव्हती. घर पहिल्यांदा मोठं वाटलं. मी जमिनीवर बसून अभ्यास केला, चांगला केला, मला पहिला वर्ग मिळाला. अब्बा रिक्षांच्या सीट करायला लागले. रेक्झिन आणि फोम, एका तासात एक, पोटात काहीच नसतं. ताटली फळीवर पालथी ठेवली होती ती तशीच राहिली. लिंबं आणायचंही थांबलं, कारण वास राहिला नव्हता.

निकालाच्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. प्रत्येक दारात थांबून सांगितलं, "मुलगी बी.एस्सी. झाली." मी त्यांच्या मागे डबा धरून चालत होते. मला वाटलं, आता सांगावं, माफी मागावी. पण मग पेढे वाटण्यात भंग होईल असं वाटलं. नंतर नोकरी लागली, शाळेत शिकवायला लागले, तेव्हा वाटलं आता जुनं कशाला. मग लग्न. माफी न मागायला कारण कधी कमी पडलं नाही. शाळेत मात्र कुणाचं पेन चोरीला गेलं की मी वर्गात खिसे तपासू देत नसे. सहकारी म्हणायचे, बाई फार मऊ आहेत. मी मऊ नव्हते. मला पुढचं बघवत नसे, इतकंच.

अंजली लग्न होऊन परदेशी गेली. पत्रं आली, मी उत्तरं दिली, मग राहिलं.

*

बारा वर्षांनी अब्बांनी काम थांबवलं. सुईत दोरा जात नव्हता. त्यांनी हत्यारं पुसून पिशवीत भरली, ताटली सगळ्यात वर ठेवली आणि पिशवी माझ्याकडे दिली. "तुझ्या घरी जागा आहे," म्हणाले. ऑक्टोबरच होता. खिडकीतून तेच ऊन पिशवीवर पडलं होतं. मी दुसरा झुमका पर्समध्ये घातला आणि रविवारी सकाळी एरंडवण्यात गेले. रस्त्यात दोन वेळा रिक्षा थांबवली आणि दोन्ही वेळा 'चला' म्हटलं.

डॉक्टर पोर्चमध्ये वर्तमानपत्र वाचत होते. त्या दिवशी मी बसले होते त्याच जागी. खूप म्हातारे झाले होते. आत्या गेल्या होत्या. "कोण आपण?" त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

मी नाव सांगितलं. अंजलीची मैत्रीण, म्हटलं. मग झुमका टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "मी इब्राहिममिस्त्रींची मुलगी. त्या दिवशी ते खरं बोलत होते. मी इथेच बसले होते."

ते उठले, काठी घेऊन गॅरेजपर्यंत गेले, आणि थोरलीच्या पुढच्या खणातून रुमालाची घडी घेऊन आले. तिच्यात तांब्याच्या कडीचा झुमका होता. घासून स्वच्छ केलेला.

"ज्याचं असेल तो येईल म्हणून ठेवलं होतं," ते म्हणाले. "बराच उशीर केलात."

"हो."

"आणि मीही काय केलं? वीस वर्षं त्या माणसाची ताटली बघत होतो. एक प्रश्न जास्त विचारला नाही." त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, उलगडली, परत केली. "मिस्त्रींचं आडनाव काय हो?"

"पिंजारी."

"बघा. तेही विचारलं नव्हतं." मग म्हणाले, "उद्या सकाळी ते घरी असतील?"

त्याआधी घरी मला सांगायला लागणार होतं. संध्याकाळी भवानी पेठेत जाऊन अब्बांसमोर बसले आणि सगळं एका दमात सांगितलं. मान खाली घातली ते, 'माझे दोन्ही घरी आहेत' म्हणाले ते. शेवटचं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"तुझी परीक्षा होती," ते म्हणाले.

"परीक्षा संपून बारा वर्षं झाली, अब्बा."

"ते तुझं तू बघ." मग म्हणाले, "मला राग झुमक्याचा नाही आला. पाठ वळवून बसलो होतो तरी तू आता उठशील, मग उठशील, म्हणून मी कान देऊन होतो. सीट उसवताना कधी कान दुसरीकडे नसतो माझा. त्या दिवशी कातडं दोन ठिकाणी फाटलं माझ्या हातून."

अम्मी स्टो बंद करून दारात उभी होती. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेही बरोबरच होतं.

सकाळी थोरली गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. आत येणं शक्य नव्हतं. डॉक्टर ड्रायव्हरच्या हाताला धरून चालत आले, फराळाचा डबा काखेत. अब्बा उठून उभे राहिले. डॉक्टरांनी हात जोडले.

"इब्राहिमभाई, माझं चुकलं."

"बसा," अब्बा म्हणाले. "मागची सीट कुणी भरली नंतर?"

"फोम घातला कुणीतरी."

"म्हणून कंबर धरून चालताय."

डॉक्टर हसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खुर्ची होती आता घरात, माझ्या पगारातली. तिच्यावर ते बसले.

*

सीट खराडीला माझ्या घरी आली. तेव्हा खराडीत इमारती कमी आणि शेतं जास्त होती, गच्ची मोकळी. फोम काढून टाकला. अब्बा गच्चीवर सतरंजी टाकून बसायचे आणि हाताने चाचपून सांगायचे, मी करायची. स्प्रिंगा बांधताना गाठ कुठे ओढायची ते मला माहीत होतं असं मला वाटत होतं. नव्हतं. "बी.एस्सी., इकडे ओढ," ते म्हणायचे. घोड्याचे केस मिळायला वेळ लागला, मग मी सुट्टीच्या दिवशी ते रिठ्यात धुतले, उन्हात टाकले आणि बटा मोकळ्या केल्या. बोटांना वास लागला. सोमवारी तशीच शाळेत गेले. शिक्षकखोलीत कुणीतरी खिडकी उघडली. मी म्हटलं, "माझ्या हातांचा आहे. माझे वडील सीट भरतात."

भरायला सुरुवात करण्याआधी अब्बांनी ताटली मागितली. दोन्ही झुमके तिच्यात ठेवले आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी ताटली उचलली आणि माझ्यापुढे धरली. मी झुमके घेतले. घालते क्वचित. आरशात बघून घालता येत नाहीत.

आता अब्बा नाहीत, डॉक्टर नाहीत. थोरली डॉक्टरांच्या पुतण्याकडे आहे, रविवारी निघते. या वर्षी ओढ्याचं पाणी त्यांच्या फाटकापर्यंत येऊन परत गेलं, असं त्याने फोनवर सांगितलं. मी आधी विचारलं, "सीट?" तो म्हणाला, "कोरडी आहे, काकू."

ती सीट तेव्हा अब्बांनी आणि मी मिळून सोळा दिवसांत पूर्ण केली. कोपऱ्यातल्या शिवणीवर अब्बांनी स्वतः तीन गाठी मारल्या, आणि आतल्या गोणपाटावर, केसांच्या थराखाली, मी काळ्या शाईने लिहिलं: इब्राहिम हुसेन पिंजारी, आणि खाली, यांची मुलगी नसीम.